टेबल कापू नका

आमच्या वाचनकक्षातील लांब सागवानी टेबल कापून त्याची चार बुटकी टेबले करावीत, ती देणगीदार सभासदांच्या घरी आठवण म्हणून द्यावीत आणि मोकळ्या झालेल्या जागेत हलक्या खुर्च्या मांडाव्यात, अशी एक सूचना येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार असल्याचे समजले. सूचना मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु शुद्ध हेतूने चालवलेली करवतही करवतच असते. म्हणून सभेपूर्वीच चार शब्द लिहिणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रश्न एकट्या टेबलाचा असता तर आम्ही गप्प बसलो असतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रावपुरा, दांडिया बाजार या भागांतील आपले वाडे एकेक करून उतरले. वाडा उतरला की प्रथम दारे-खिडक्या जातात, मग तुळया, आणि शेवटी माणसांनी वापरलेल्या वस्तू. उताराचे डेस्क, वेताच्या बैठकीची आरामखुर्ची, फडताळ, चौरंग, पितळी कड्यांचा झोपाळा. तीन खोल्यांच्या सदनिकेत हे सारे मावत नाही, हे आम्हांसही ठाऊक आहे. न मावणारी वस्तू विकणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. आमच्या घरचे वडिलोपार्जित डेस्क आम्हीच विकले आहे. ते ज्याने नेले त्याने भाव लाकडाच्या वजनावर केला, आणि आम्हीही तो मान्य केला. ही गोष्ट सांगताना आज लाज वाटते, पण ती लपवून इतरांना उपदेश करणे त्याहून लाजिरवाणे.

आमचा राग आहे तो दुसऱ्याच एका प्रकारावर. ‘जुन्याचे नवे’ या गोंडस नावाखाली अलीकडे वस्तूंची जी चिरफाड चालते, तिच्यावर. शहरातील एका नव्या उपाहारगृहात आम्ही गेलो असता देव्हाऱ्याच्या तीन कमानी भिंतीवर आडव्या ठोकून त्यांत बाटल्या मांडलेल्या दिसल्या. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे त्या सरबताच्या होत्या, एवढेच समाधान! शेजारी शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर काच ठेवलेली, आणि गल्ल्याच्या पुढे एका स्कूटरचे मुंडके. दिवा, मडगार्ड, हँडल सारे जागच्या जागी. मागचे धड मात्र नाही. मुले त्यावर हात ठेवून छायाचित्रे काढत होती.

ती स्कूटर चेतक होती. ज्यांनी चेतकसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्यांना तिची महती सांगणे नको. 1972 पासून ती रस्त्यावर आली. पुढे गिअरविरहित गाड्यांनी तिला मागे सारले आणि 2009 च्या अखेरीस कारखानदारांनी स्कूटरचा धंदाच सोडल्याचे जाहीर केले. 2020 साली तेच नाव विजेवर चालणाऱ्या गाडीला मिळाले, ती गोष्ट वेगळी. आम्हांस येथे सांगायचे आहे ते तिच्या बांधणीविषयी. मोटारसायकलीला नळ्यांचा सांगाडा असतो आणि बाकीचे त्यावर चढवलेले असते. जुन्या चेतकचे तसे नाही. तिचा दाबून घडवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. तो मधोमध कापला की ती गाडी पुन्हा गाडी होत नाही. इंजिन बिघडले तर उघडता येते, चाक बदलता येते, रंग पुन्हा देता येतो. पण कणा तोडल्यावर वैद्याने काय करावे?

लाकडाचे शास्त्रही याहून फार निराळे नाही. जुन्या सुताराने कुसू काढून, भोकात बसवून, सरस लावून आणि वर लाकडी खुंटी ठोकून केलेला सांधा उलगडता येतो. सरस उष्णतेने आणि ओलीने मऊ होतो. तुकडे सुटे होतात, मोडका पाय बदलता येतो, पुन्हा जोडता येतो. चपड्याचे पॉलिशही तसेच. ते स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे ओरखडा पडलेल्या जागी नवा हात जुन्या हाताशी एकजीव होतो. आजचे कडक रासायनिक लेप असे मिसळत नाहीत, ते खरवडून काढावे लागतात. आणि भुशाच्या दाबलेल्या फळीविषयी काय बोलावे? तिच्यात एकदा निघालेला स्क्रू दुसऱ्यांदा धरत नाही आणि पाणी लागले की ती फुगते. दुरुस्ती व्हावी या अपेक्षेनेच जे बनवले गेले, ते आपण फोडतो. आणि जे दुरुस्तच होत नाही, ते हप्त्यांवर घरी आणतो.

तेव्हा रूपांतर करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. आमच्याच घरी झोपाळ्याची फळी आहे. नव्या घराच्या छतात कड्या नव्हत्या. आम्ही फळीखाली दोन बुटके घोडे देऊन तिची बैठक केली. चार कोपऱ्यांची भोके बुजवली नाहीत, सळया फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. उद्या एखाद्या नातवाने छताला कड्या लावल्या तर झोपाळा तासाभरात पुन्हा झुलेल. रूपांतर असावे तर असे, मागे फिरण्याची वाट ठेवणारे. बडोद्याच्या माणसाला हे मुद्दाम सांगावे लागावे, याचेच आश्चर्य वाटते. सयाजीराव महाराजांच्या काळी, 1890 साली ज्या गावात हाताच्या आणि यंत्राच्या विद्येसाठी कलाभवन निघाले, जिथे दादासाहेब फाळके शिकले, आणि ज्या गावाजवळच्या संखेड्यात लाकूड चरकावर धरून लाखेने रंगवणारे कारागीर आजही आहेत, त्या गावात सुतार मिळत नाही ही सबब निदान आमच्यापुढे कोणी सांगू नये.

एक आक्षेप मात्र रास्त आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. जुनी दोनटप्पी स्कूटर धूर ओकते. ती रोज बाजारात न्यावी, असे आम्ही म्हणत नाही. शिवाय सरकारी खर्चही वाढला आहे: पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावे लागते आणि त्याचे शुल्क 2022 पासून बरेच चढले. आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आले. जुन्या रबरी नळ्या आणि वायसर त्याला तोंड देतातच असे नाही. ते बदलून घ्यावेत. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी करू नये. टाकी गंजते आणि कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजतात. आठवड्यातून एकदा गल्लीभर फेरी मारली तरी पुष्कळ. जमत नसेल तर गाडी चालवणाऱ्याला द्या. तेही नको असेल तर अधिकृत केंद्रात मोडीत काढा आणि नोंदणी रीतसर रद्द करून घ्या; नाहीतर गाडी भंगारात आणि जबाबदारी तुमच्या नावावर, असा प्रसंग ओढवेल. या तिन्ही वाटा सरळ आहेत. मुंडके कापून भिंतीला लावणे ही चौथी वाट आम्हांस मान्य नाही. कायद्यालाही अखंडपणाची बूज आहे, हे लक्षात घ्यावे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतील वेगळा क्रमांक मिळतो. अट एवढीच की ती मूळ रूपात राखलेली असावी.

आता टेबलाकडे वळू. आम्ही ते परवा एका जाणत्या मिस्त्रींना दाखवले. त्यांनी ते उलटे करून पाहिले, अंगठ्याने दाबून पाहिले. एका पायाच्या कडेला पांढरे लाकूड राहिले होते, तेवढेच वाळवीने खाल्ले आहे. लाल गाभ्याला तिने तोंड लावलेले नाही. दोन सांधे ढिले आहेत. एक पाय नवा, सरस नवा, वर चपड्याचे हात, असे पाच दिवसांचे काम त्यांनी सांगितले. मजुरीचा आकडा चिटणिसांकडे दिला आहे. चार टेबले कापून घेण्याच्या अंदाजपत्रकाहून तो कमी आहे.

जागेची अडचण खरी आहे, हेही मिस्त्रींना विचारले. टेबलाचा माथा दोन लांब फळ्यांचा असून मध्ये नुसती खाच-जीभ आहे. ती सोडवली तर कापल्यावाचून दोन अरुंद टेबले होतात आणि भिंतींना लागतात. समारंभाच्या दिवशी पुन्हा एक. तशी उपसूचना आम्ही सभेत मांडणार आहोत. अनुमोदक हवा आहे.