सीझन हिमालयाचा की शाळेचा?

मे महिन्याचा तिसरा आठवडा. कौसानीच्या हॉटेलच्या गच्चीवर पहाटे पाचला आमचा अख्खा ग्रुप कानटोप्या घालून उभा. ब्रोशरच्या पानावर त्रिशूळ आणि नंदादेवीचा निळ्या आकाशातला फोटो आम्हीच छापला होता. समोर मात्र राखाडी पडदा. खालच्या उतारांवर चीडची जंगलं पेटलेली, हवेत धूर आणि मैदानातून वर आलेली धूळ. दुसऱ्या पहाटेही तेच. तिसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, ते पर्वत नेमके कुठल्या बाजूला आहेत तेवढं तरी दाखवा. त्या दिशेला नमस्कार करते आणि घरी जाते."

सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या गाडीत ते वाक्य टोचत राहिलं. त्या बाईंना ना नातवंडांची परीक्षा सांभाळायची होती, ना कुणाची रजा. त्या नोव्हेंबरातही आल्या असत्या. पावसाने धुतलेल्या स्वच्छ हवेत त्याच गच्चीवरून त्यांना हिमशिखरांची सलग रांग दिसली असती. त्यांना मे महिना मी विकला होता.

डिसेंबर-जानेवारीत आपल्या सगळ्यांच्या ऑफिसात एकच प्रश्न येतो: "हिमालयाला जायला चांगला सीझन कोणता?" आणि काउंटरवरचा मुलगा मान वर न करता उत्तर देतो, "एप्रिल ते जून." हे उत्तर हिमालयातून आलेलं नाही, महाराष्ट्रातल्या शाळांच्या वेळापत्रकातून आलं आहे. वार्षिक परीक्षा संपते, विदर्भ-मराठवाडा तापतो, जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्या दोन महिन्यांत जे बसेल ते आपण बसवलं आणि त्यालाच सीझन म्हणू लागलो. मुलं असलेल्या कुटुंबाला दुसरा पर्याय नाही, हे मान्य. पण आपली बुकिंगची वही उघडून बघा. मेच्या ग्रुपमध्ये शाळकरी मूल बरोबर नसलेली जोडपी किती आहेत, ते मोजा. त्यांना कुणी मे सांगितला?

पहिला हिशेब लांबीचा. नंगा पर्वतापासून नामचा बरवापर्यंत हिमालय सुमारे २,४०० किलोमीटर पसरला आहे. एवढ्या लांबीला एक सीझन असूच शकत नाही. पश्चिम टोकाला हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ बर्फ आणतात, पूर्व टोकाला बंगालच्या उपसागरातलं बाष्प महिनोन्‌महिने कोसळतं. ईशान्येत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे मुंबईच्या आधी पोचतो आणि वळवाच्या सरी तर एप्रिलपासूनच सुरू असतात. त्यामुळे 'जूनचा पहिला आठवडा, सिक्कीम-दार्जिलिंग, खास सवलत' ही जाहिरात स्वस्त असेल, पण टायगर हिलवर ती पाहुण्याला बहुधा ढगच दाखवते. कांचनजंगा बघायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. ऱ्होडोडेंड्रॉन बघायचे तर एप्रिल-मे, आणि मग शिखराची हमी देऊ नये. दोन्ही एकाच सहलीत विकणाऱ्याने निदान एक गोष्ट खोटी सांगितलेली असते.

दुसरा हिशेब रांगेच्या कुठल्या बाजूला आहोत याचा. लेहला वर्षभरात मिळून सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या दिवशीच त्याहून जास्त पडतो. म्हणजे आपण ज्या जुलै-ऑगस्टमध्ये हिमालयाचं शटर ओढून घेतो, तो लडाख आणि स्पितीचा ऐन मोसम असतो. उत्तराखंडातली फुलांची दरी तर भर पावसातच, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, खरी बहरते. मेमध्ये 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स कधी?' असं विचारणाऱ्याला, ते उद्यान १ जूनला उघडतं आणि फुलं त्यानंतरही दीड महिन्याने येतात, हे सांगणं आपलं काम आहे.

इथे एक सावधगिरी हवी. मुक्कामाचा सीझन आणि रस्त्याचा सीझन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पिती पर्जन्यछायेत असेल, पण तिथे नेणारे मनाली आणि किन्नौरचे दोन्ही रस्ते मोसमी पावसाच्या टप्प्यातून जातात. दरड स्पितीतल्या काझात कोसळत नाही, ती वाटेत कोसळते. लेहला विमानाने नेणाऱ्याला ऑगस्ट जमतो. मग मात्र साडेतीन हजार मीटरवर थेट उतरलेल्या पाहुण्याला पहिले दोन दिवस विश्रांती द्यायलाच हवी. रोड ट्रिप विकणाऱ्याने राखीव दिवस ठेवला नसेल, तर त्याने ती ऑगस्टमध्ये विकू नये.

तिसरा हिशेब उंचीचा. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. एकाच तारखेला चंदीगडला घाम, मनालीत स्वेटर आणि रोहतांगला बर्फ, असं तीन ऋतूंचं गणित एका दिवसाच्या प्रवासात असतं. 'बर्फ बघायचाय' म्हणणाऱ्या पाहुण्याला मेमध्ये मनालीत बर्फ नसतो, रोहतांगला जावं लागतं, आणि तिथे रोज ठरावीक गाड्यांनाच परमिट मिळतं, हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं. सोलंगला पोचल्यावर टूर मॅनेजरने तोंड वाकडं करून सांगण्याची ती गोष्ट नाही. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि लाहौल हिवाळ्यातही आवाक्यात आलं. आपली किती ब्रोशर त्यानंतर बदलली?

इतकं करूनही हवा हमी देत नाही. २०१३ मध्ये मोसमी पावसाने १६ जूनलाच, नेहमीपेक्षा महिनाभर आधी, सगळा देश व्यापला. त्याच सुमारास केदारनाथची आपत्ती घडली. जूनचा मध्य तोवर चारधामसाठी सुरक्षित मानला जायचा. ऑक्टोबरला आपण 'सोन्याचा महिना' म्हणतो, पण २०२१च्या ऑक्टोबरात कुमाऊंमध्ये मुक्तेश्वरला एका दिवसात ३४० मिलिमीटर पाऊस पडला. ४ ऑक्टोबर २०२३ला उत्तर सिक्कीममध्ये ल्होनाक सरोवर फुटून तिस्तेला पूर आला. २०२४च्या जानेवारीत ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सर्वांत कडक थंडीत, गुलमर्गचे उतार कोरडे होते. त्यामुळे 'हमखास' हा शब्द आपल्या जाहिरातींतून काढून टाकण्याची वेळ आली आहे.

मे-जूनच्या गर्दीची किंमत डोंगरही मोजतो. २०१८च्या उन्हाळ्यात शिमल्यात पाण्याची इतकी टंचाई झाली की पर्यटकांनी येऊ नये, अशी हाक गावातूनच उठली. तीच हॉटेलं नोव्हेंबरात अर्धी रिकामी असतात, ड्रायव्हर घरी बसलेला असतो आणि खोलीचे दर बोलण्याजोगे असतात. ज्यांना तारखेचं बंधन नाही, असे पाहुणे तिकडे वळवले तर त्यांचा, गावाचा आणि आपलाही फायदा आहे. मेच्या ब्लॉक केलेल्या रूम मिळवण्यासाठी आपण दरवर्षी जी धावाधाव करतो, ती थोडी तरी कमी होईल.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, 'कधी जायचं?' या प्रश्नाला लगेच महिना सांगू नका. आधी 'काय बघायचंय?' आणि 'बरोबर कोण आहे?' हे विचारा. ट्यूलिप हवेत त्याला एप्रिलचा पहिला पंधरवडा सांगा, चिनाराचा लाल रंग हवा त्याला ऑक्टोबरअखेर. श्रीनगर दोन्ही वेळेला तेच, सहल वेगळी. दोन, ज्येष्ठांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वतंत्र तारखा लावा, आणि त्या दिवाळीच्या सुट्टीला चिकटवू नका. तीन, प्रत्येक सहलीच्या पानावर दिवसवार कार्यक्रमाच्या वर एक छोटी चौकट द्या: या तारखांना काय दिसण्याची शक्यता आहे आणि काय दिसणार नाही. पहिल्या वर्षी दोन-चार बुकिंग जातील. पण परत आलेला पाहुणा त्या चौकटीसाठीच पुढची सहल आपल्याकडे करील.

हा अंक हाती पडेल तेव्हा उन्हाळ्याची ब्रोशर छापखान्यात जायच्या तयारीत असतील. पाठवण्याआधी एक करा. पानावरचा तो निळ्या आकाशातला फोटो कोणत्या महिन्यात काढला आहे, ते फोटोग्राफरला विचारा. आणि फोटोखाली तोच महिना छापा.