बंद ठेवलेलें माप आणि संपलेला सेल

द्राक्ष-बागाइतदारांच्या घरीं हल्लीं डिजिटल व्हर्निअर कॅलिपर दिसूं लागला आहे. निर्यातीच्या मालास मण्याचा व्यास १६ वा १८ मिलिमीटर पाहिजे, असें खरेदीदार सांगतो; तेव्हां बागाइतदारानें माप आपल्या हातीं ठेवावें हें योग्यच होय. परंतु बटण दाबून उपकरण बंद केलें म्हणजे सेल वांचतो, ही जी समजूत आमच्या बांधवांची आहे, ती चुकीची आहे. आमचीही तीच होती.

आमच्या पुतण्याच्या बागेंत गेल्या हंगामांत खरेदीदाराचा मनुष्य मणी मोजावयास आला. आम्ही कपाटांतून कॅलिपर काढला, तों आंकडे लुकलुकले व विझले. मागील सालीं बंद करून ठेवलेला, दहा-बारा वेळांपलीकडे वापरलेला नाहीं! गांवच्या दुकानीं तसला सेल नव्हता. अखेर त्या मनुष्याच्या मापावर सौदा करावा लागला. तें खोटें होतें असें आमचें म्हणणें नाहीं. पण तें खरें होतें हेंही आम्हांस सांगतां येत नाहीं.

पुढें चौकशी करितां उलगडा झाला. अनेक स्वस्त कॅलिपरांत बटणानें फक्त आंकडे विझतात. सरकता जबडा कोठें आहे याची मोजणी आंतून चालूच राहते. कारकुनी संवयीप्रमाणें आम्ही हिशेब मांडला. प्रवाह अवघा २० मायक्रोअँपिअर व सेल १५० मिलिअँपिअर-तासांचा धरला, तर ७,५०० तास, म्हणजे सुमारें १० महिने. आणि हंगाम येतो १२ महिन्यांनीं!

सबब, हंगाम संपतांच सेल काढून ठेवावा, व पुन्हां बसवितांना जबडे मिटवून शून्य करून घ्यावें. (काढलेला सेल मुलांच्या हातीं पडूं देऊं नये, गिळला तर अन्ननलिका भाजून जीवावर बेततें.) एलआर ४४ या अल्कलाइन सेलाऐवजीं त्याच आकाराचा एसआर ४४ हा सिल्व्हर ऑक्साइडचा घ्यावा. पहिल्याचा दाब १.५ व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो, दुसऱ्याचा १.५५ व्होल्टच्या आसपास बहुतेक शेवटपर्यंत टिकतो.

सेल तो काय, चार पैशांचा, असें कोणी म्हणतील. पण सौद्याच्या वेळीं तो नसला म्हणजे त्याची किंमत कळते. बंद स्थितींत सेल किती महिने टिकेल, हें कारखानदारांनीं खोक्यावर छापलेंच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आमच्या कचेरींतील ३३ फुटी शंकुसाखळीस गंज चढे, परंतु मोजणीच्या दिवशीं तिनें कधीं मौन धरलें नाहीं. पुतण्यानें तूर्त १८ मिलिमीटर छिद्राची एक पत्र्याची चकती करवून खुंटीस टांगली आहे.