उपचार संपला, जबाबदारी संपली काय?

बालपणी झालेला उपचार तीस वर्षांनंतर आपला हिशेब मागू शकतो, ही गोष्ट विपरीत वाटेल. परंतु ती सिद्ध झालेली आहे. इस्राएलमध्ये १९४८ ते १९६० या काळात डोक्यावरील गजकर्णासाठी हजारो मुलांना क्षकिरण देण्यात आले. केस गळावेत आणि त्यांबरोबर रोगही जावा, एवढाच हेतू. अशा १०,८३४ जणांची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. किरण न दिलेल्यांच्या तुलनेने डोके व मान यांतील मेंदू-मज्जासंस्थेच्या गाठी त्यांच्यात सुमारे ८.४ पट, आणि मज्जातंतूंच्या वेष्टणाच्या गाठी सुमारे १९ पट आढळल्या. १९९४ साली तेथे भरपाईचा कायदा करावा लागला.

यावरून किरणोपचारच त्याज्य ठरवणे हा अविचार होईल. कर्करोगाने ग्रासलेल्या कित्येक मुलांना या किरणांनीच जीवदान दिले आहे. या गाठी पटींनी वाढल्या तरी विरळाच. मज्जातंतूंच्या वेष्टणाच्या गाठी तर बहुधा सौम्य असतात आणि वेळीच कळल्यास उपचारसाध्यही. प्रश्न आहे तो वेळीच कळण्याचा.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार पुरे केलेल्या बालरुग्णांसाठी १९९१ पासून स्वतंत्र पाठपुरावा विभाग आहे. परंतु बरा झालेला मुलगा मोठा होतो, पोटासाठी चाकणला येतो, कंत्राटी कामावर लागतो. उपचाराचे कागद गावच्या ट्रंकेत राहतात. पुढे भोसरीच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये त्याला एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर दोष कोणाला? अर्थातच यंत्रांच्या खडखडाटाला! वास्तविक गोंगाटाने येणारे बहिरेपण सामान्यतः दोन्ही कानांना ग्रासते. एकच कान मंदावला, त्यात नाद घुमू लागला, तोल जाऊ लागला, तर श्रवणाच्या मज्जातंतूवर गाठ नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. पण बालपणी डोक्यावर किरण घेतले होते, हे डॉक्टरांना सांगणार कोण? कित्येकदा खुद्द रुग्णालाही ते आठवत नसते.

शिकागोच्या मायकेल रीस रुग्णालयाने टॉन्सिलसाठी बालपणी किरण दिलेल्या आपल्या जुन्या रुग्णांना १९७४ पासून शोधून काढून बोलावले. त्यांच्यातही अशा गाठी सापडल्या. हा शोध शक्य झाला तो जुनी दप्तरे जपली होती म्हणूनच. दप्तर ही कारकुनी बाब नव्हे, तो उपचाराचाच भाग होय.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. किरणोपचार झालेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना साल, शरीराचा भाग आणि मात्रा नोंदवलेले एक पानी टिपण मराठीत व हिंदीत मिळावे. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाने अशा रहिवाशांची नोंदवही ठेवावी. कारखान्यांनी वैद्यकीय तपासणीच्या कागदात 'बालपणी किरणोपचार झाला होता काय?' हा एक प्रश्न घालावा. मात्र त्याचे उत्तर डॉक्टरांपाशीच राहावे, त्यापायी कोणाची नोकरी जाता कामा नये.

सुट्या भागावर क्रमांक कोरून तो वर्षानुवर्षे ओळखता येईल अशी व्यवस्था या उद्योगनगरीने यंत्रांसाठी केलेली आहे. माणसाच्या लेकरासाठी तिला एक कागद जपता येऊ नये काय?