जुन्या यंत्राला नवा प्रोग्राम का रुचत नाही?

झेड-80 नावाचा एक चिमुकला प्रोसेसर अमेरिकेतली झायलॉग ही कंपनी 1976 पासून बनवत आली होती. एप्रिल 2024 मध्ये कंपनीने त्याच्या मूळ नमुन्याचे उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. अठ्ठेचाळीस वर्षांची नोकरी झाली! सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा 1982 चा ब्रिटिश घरगुती संगणक याच प्रोसेसरच्या जातकुळीवर चालत असे. त्याच वर्षी अमेरिकेत कमोडोर 64 आला आणि 1984 साली इंग्लंडात अ‍ॅमस्ट्रॅड. कॅसेटवरून प्रोग्राम चढवायची ही यंत्रे. युरोप-अमेरिकेतल्या हजारो घरांत ती आजही जपली जातात, त्यांच्या कळा पुसल्या जातात, थकलेले कपॅसिटर बदलले जातात.

आणि त्यांच्यासाठी आजही नवे सॉफ्टवेअर लिहिले जाते, काही वेळा थक्क करणारे. अ‍ॅमस्ट्रॅडसारख्या झेड-80 वाल्या यंत्रांसाठी एका जर्मन प्रोग्रामरने रचलेली सिम्बॉस ही प्रणाली पाहा. खिडक्या, माऊस, एकाच वेळी अनेक कामे, हे सारे तिने त्या इवल्याशा यंत्रात आणले आहे. लोक तोंडात बोट घालतात, वाहवा करतात आणि पुन्हा 1985 सालच्या एखाद्या गेमकडे वळतात. वर्षानुवर्षे रात्री जागवून लिहिलेल्या वस्तूला कौतुक मिळते, वापरणारा मिळत नाही. असे का व्हावे?

यंत्राची ताकद तोकडी, हे सोपे उत्तर पटत नाही. 1986 साली कमोडोर 64 साठी जिओस नावाची प्रणाली निघाली. तिच्यातही खिडक्या होत्या, पत्रे टंकता येत होती आणि त्याच 64 किलोबाइटच्या यंत्रावर लोक ती मनापासून वापरत होते. कारण पत्र लिहायचेच होते आणि घरात दुसरे यंत्र नव्हते. आज पत्र खिशातल्या फोनवरून जाते. यंत्राची गरज संपली, माया तेवढी उरली. आणि मायेचा स्वभाव असा की, ती विशिष्ट वस्तूवर बसते. आजीच्या पितळी डब्यात कुणी नव्या तऱ्हेची बिस्किटे भरून दिली तर आपण आभार मानू, पण डबा उघडताना नाक शोधणार बेसनाच्या लाडवांचाच वास.

बँकेत आम्ही दोन वर्षे उलाढाल न झालेल्या खात्याला निष्क्रिय खाते म्हणत असू. शिल्लक सुरक्षित, व्याज जमा होत राहते, पण खातेदार काउंटरवर येत नाही. जुन्या संगणकांचे बहुतेक मालक हे असे खातेदार आहेत. शिल्लक आहे याची खात्री त्यांना हवी असते. नव्या योजनेचे पत्रक त्यांच्या हातात देणारा प्रोग्रामर चुकीच्या रांगेत उभा राहिलेला असतो.

या मायेसाठी यंत्र घरात असावे लागते, हे आपल्या देशाच्या उदाहरणावरून दिसते. 1984-85 साली सरकारच्या ‘क्लास’ योजनेत बीबीसी मायक्रो हा त्याच पिढीतला ब्रिटिश संगणक सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत आला. मोठा संकल्प होता. पण एका यंत्राभोवती डझनभर मुले, आठवड्याचा एखादा तास आणि खोलीला कुलूप, अशा ओळखीतून कुतूहल जन्मते, लळा लागत नाही. मला वाटते, म्हणूनच ब्रिटनमध्ये बीबीसी मायक्रोभोवती भक्तमंडळे आहेत आणि आपल्याकडे मात्र तो भंगारात गेला तेव्हा कुणी हाक मारली नाही.

शिवाय नव्या प्रोग्रामची स्पर्धा आजच्या कुणाशी नाही. ती आहे चाळीस वर्षांत साठलेल्या हजारो जुन्या गेमशी. ते जवळपास सगळे संग्रहांतून फुकट मिळतात, आणि त्यांतले चांगले कोणते हे काळाने आधीच चाळून ठेवलेले आहे. नव्या कादंबरीला ग्रंथालयातल्या सगळ्या अभिजात पुस्तकांशी एकाच फळीवर, एकाच संध्याकाळी झुंजावे लागते, तसेच हे. लेखक म्हणून मला ती झुंज चांगली परिचयाची आहे.

त्यातून यंत्रेही एकसारखी राहिलेली नाहीत. युरोपातला कमोडोर सेकंदाला पन्नास चित्रे काढतो, अमेरिकेतला साठ. एकीकडचा बारकाईने रचलेला प्रोग्राम दुसरीकडे अडखळतो. सिम्बॉसला किमान 128 किलोबाइट स्मृती लागते आणि अ‍ॅमस्ट्रॅडच्या पहिल्या 464 या नमुन्यात होती 64. म्हणजे स्मृती वाढवणारी पेटी आधी विकत घ्या. पेटी मागावी तर मूळ यंत्राचे मालक दुरावतात, न मागावी तर नवे काही करायला जागाच उरत नाही. कितीतरी जण आता खरे यंत्र माळ्यावर ठेवून इम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्याचे सोंग हुबेहूब वठवणारा प्रोग्राम, वापरतात. तिथे तर दुसऱ्या खिडकीत अख्खे आधुनिक जग उघडे असते.

आणखी एक गोष्ट. कमोडोर सुरू केला की पडद्यावर 38911 बाइट मोकळे असल्याचे सांगून तो आज्ञेची वाट पाहत थांबायचा. या यंत्राने आपल्या मालकालाच प्रोग्रामर केले. आज टिकून राहिलेले उत्साही लोक बहुधा त्याच मुशीतले. लघुअनियतकालिकांच्या दिवसांत कवीच कविता वाचत आणि प्रत्येकाचे लक्ष आपल्या कवितेच्या पानाकडे असे. इथेही लिहिणारे पुष्कळ, नुसते वापरणारे थोडे.

अपवाद आहेत. 2017 साली कमोडोर 64 साठी आलेल्या ‘सॅम्स जर्नी’ या गेमचे मनापासून स्वागत झाले. तो गेम आहे, उपयोगाची वस्तू नाही, आणि मूळ यंत्रावर चालतो, हे लक्षात घ्यावे. त्याच वर्षी स्पेक्ट्रम नेक्स्ट या नव्या अवतारासाठी लोकांनी सात लाख पौंडांहून अधिक रक्कम आगाऊ दिली, 2020 च्या दुसऱ्या खेपेला अठरा लाखांहून अधिक. पैसा आहे, उमाळा आहे, पण तो यंत्राकडे धावतो. नव्या प्रोग्रामला काही पौंड मोजताना हाच माणूस दहादा विचार करतो.

2003 साली स्वीडनच्या अ‍ॅडम डंकेल्स यांनी काँटिकी नावाची प्रणाली लिहिली आणि कमोडोर 64 वर चक्क वेब ब्राउझर चालवून दाखवला. कमोडोरवाल्यांनी पाहिला, नावाजला आणि आपापल्या गेमकडे परतले. काँटिकी मात्र पुढे तारेविना परस्परांशी बोलणाऱ्या बारीक सेन्सरांमध्ये गेली. तिथली स्मृती कमोडोरइतकीच, पुष्कळदा त्याहूनही कमी. तिथे तिला रोजचे काम मिळाले.