फुलाकडे पाहण्याची तासिका

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप शाळेकडून आला, तेव्हा आम्हा काही माजी विद्यार्थ्यांच्या मनात एकच विषय होता. मागील पालकसभेत नववी व दहावीच्या चित्रकलेच्या तासिका गणित आणि इंग्रजीला द्याव्यात, अशी सूचना पुढे आली. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात शंका नाही. आपल्या वसतिगृहातील मुले ज्या घरांतून येतात, त्या घरांना दहावीच्या निकालाचे मोल किती असते, हे आम्ही जाणतो. आम्हीही त्याच घरांतून आलो. तरीही या सूचनेला आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही फुलाच्या चित्राच्या आधारे मांडू इच्छितो.

शाळेत दाखल झालो, तेव्हा आम्हा प्रत्येकाला फूल काढता येत होते. मध्ये एक वाटोळे, भोवती पाच पाकळ्या, खाली देठ, दोन बाजूंना दोन पाने. "हे फूल कोणत्या झाडाचे?" असे चित्रकलेच्या सरांनी विचारले आणि सारा वर्ग गप्प झाला. सरांनी कुंपणावरची जास्वंद आणून बाकावर ठेवली, सर्वांची खोडरबरे गोळा केली आणि समोर दिसते तेवढेच काढा म्हणाले. तासाच्या शेवटी आमच्या ध्यानात आले की, जास्वंदीची प्रत्येक पाकळी एका कडेने शेजारच्या पाकळीवर असते आणि दुसऱ्या कडेने दुसऱ्या पाकळीखाली जाते. मधली नळी पाकळ्यांच्याही बाहेर येते, तिच्यावर पुंकेसरांची दाटी असते आणि टोकाला पाच लहान लाल ठिपके असतात. जन्मापासून अंगणात असलेले फूल आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले.

पुढे दर वर्षी माध्यम बदलत गेले. कोळशाने आम्ही तगर काढली. पांढऱ्या कागदावर पांढरे फूल काढायचे कसे, या कोड्याचे उत्तर असे निघाले की फुलाला हात लावायचाच नाही. भोवतालची पाने आणि सावली गडद करीत जायचे, फूल आपोआप उजळते. जलरंगांनी धीर धरायला शिकवले. तेथे फिकट रंग आधी व गडद नंतर. पाकळीवरचा उजेड हा रंग नसून कोरा राखलेला कागदच असतो, म्हणून तो कोठे राखायचा हे कुंचला बुडवण्यापूर्वीच ठरवावे लागते. पहिला थर वाळण्याआधी दुसरा दिला की पाकळ्या एकमेकींत वाहून जातात. पोस्टर रंग त्या मानाने क्षमाशील. गडद थरावर फिकट थर बसतो, चूक झाकता येते. त्यांनी झेंडू रंगवताना ठिपक्यावर ठिपका देत गेलो, तेव्हा कळले की झेंडू हे एक फूल नाही, अनेक चिमुकल्या फुलांचा तो मेळा आहे. तैलखडूने बारकावे जमत नाहीत. म्हणून फाल्गुनातला निष्पर्ण पळस त्याने काढला, काळपट फांद्या आणि त्यांवर केशरी पुंजके. शाई आणि बोरू सर्वांत कठोर. एकदा ओढलेली रेघ परत घेता येत नाही. धोतऱ्याच्या कर्ण्याची एक वळणदार रेघ जमावी म्हणून आम्ही वहीची कितीतरी पाने खर्ची घातली.

आमच्यापैकी कोणीही चित्रकार झाले नाही. एक जण परिचारिका आहे, दोघे शिक्षक आहेत, एक जण यंत्रदुरुस्ती करतो. परिचारिका म्हणते की, रुग्णाच्या ओठांचा आणि नखांचा रंग किंचित बदलला तरी तिच्या लक्षात येतो, कारण लाल रंगातले भेद ती जास्वंदीपाशी शिकली. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेच्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, हाही युक्तिवाद करता येईल. परंतु आमची भिस्त त्यावर नाही. केवळ त्या गुणांसाठी तयार नमुने घोटून घेतले, तर आपण पुन्हा वाटोळ्याभोवतीच्या पाच पाकळ्यांकडेच परततो.

या संदर्भात पुण्याजवळील दापोडीची एक हकिकत सांगितली पाहिजे. तेथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय चित्रकाराकडून झाडाफुलांची जलरंगातील चित्रे काढवून घेतली. दापोडीची चित्रे म्हणून ती ओळखली जातात आणि आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रे टिकली, काढवून घेणाऱ्याचे नाव टिकले. ज्याच्या डोळ्यांनी ती फुले पाहिली आणि ज्याच्या हाताने ती रंगवली, त्या चित्रकाराचे नाव मात्र आपल्यापर्यंत पोहोचले नाही. ज्यांच्या पूर्वजांचे श्रम असेच निनावी राहिले, त्यांना ही हकिकत फोड करून सांगावी लागत नाही. सर प्रत्येक चित्राखाली फुलाचे नाव, तारीख आणि स्वतःचे पूर्ण नाव लिहायला लावीत. त्या सक्तीचा अर्थ आम्हाला फार उशिरा उमगला.

रंग महाग आहेत, ही अडचण खरी आहे. पण ती दुर्लंघ्य नाही. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १ मध्ये पद्मपाणीच्या हाती कमळ आहे, क्रमांक २ चे छत फुला-वेलींनी भरलेले आहे. तेथील निळा रंग दूरदेशीच्या मौल्यवान दगडाचा. पण तांबडा गेरूचा, पिवळा मातीचा आणि काळा काजळीचा. आपल्या स्वयंपाकघरात कोळसा आहे, बाजारात गेरू स्वस्त आहे, बोरू नदीकाठी उगवतो. जलरंगांच्या पेट्या आणि चांगला जाड कागद यांची जबाबदारी आम्ही माजी विद्यार्थी घेण्यास तयार आहोत.

विहारात सकाळच्या वंदनेला आपण फुले अर्पण करतो. हे फूल जसे कोमेजते, तसेच हे शरीरही, असे त्या वेळी मनात आणायचे असते. लहानपणी आम्ही ते केवळ म्हणत असू. जास्वंद संध्याकाळी मिटते, म्हणून तिचे चित्र दुपारच्या आत पुरे करावे लागे, आणि तासाभरात पाकळीची कड आत वळलेली आम्ही प्रत्यक्ष पाहत असू. अनित्यतेचा तो पाठ कोणी समजावून सांगितला नव्हता.

म्हणून व्यवस्थापनाला आणि पालकांना आमची नम्र विनंती आहे. दहावीपर्यंत आठवड्यातून दोन सलग तासिका चित्रकलेला राहू द्याव्यात. दर वर्षी एक माध्यम नीट शिकवावे. फुले तोडून वर्गात आणण्याऐवजी मुलांना कुंपणापाशी नेऊन बसवावे. गणिताचे जादा वर्ग हवेच असतील, तर रविवारी सकाळी ते घ्यायला आमच्यातील दोघे शिक्षक येतील. चित्रकलेची तासिका मात्र घेऊ नये.