बैठकीचा भत्ता आणि कसुरीचा दंड

कंपनी अधिनियम, 2013 मधील कलम 166 वाचणाऱ्यास प्रथम मोठे समाधान वाटते. संचालकाने वाजवी दक्षतेने, कौशल्याने आणि परिश्रमपूर्वक आपले काम करावे, कंपनीच्या हिताबरोबरच तिचे कामगार, भागधारक, भोवतालचा समाज आणि पर्यावरण यांच्याकडेही लक्ष द्यावे, अशी त्या कलमाची आज्ञा आहे. परंतु अखेरच्या पोटकलमाशी पोहोचताच हे समाधान ओसरते. कारण ही आज्ञा मोडणाऱ्यास सांगितलेली शिक्षा किमान एक लाख आणि कमाल पाच लाख रुपये दंड एवढीच असून तुरुंगाचा तेथे उल्लेखही नाही. गंमत अशी की, त्याच अधिनियमाखालील नियमांनी संचालकास एका बैठकीच्या उपस्थितीबद्दल एक लाख रुपयांपर्यंत भत्ता घेण्याची मुभा दिली आहे. म्हणजे एका दुपारी खुर्चीवर बसून जे पदरात पडते, तेवढेच सरकारजमा केले की कर्तव्यच्युतीचे प्रायश्चित्त पुरे होऊ शकते!

हिशेबातील लबाडी कायद्याला चटकन ओळखू येते. सत्यम प्रकरणात कंपनीच्या माजी अध्यक्षांना विशेष न्यायालयाने 2015 साली सात वर्षांचा कारावास सुनावला. पैसा बुडाला की कायद्याचा हात असा लांब होतो. पण बेफिकिरीपायी माणसे मेली म्हणजे तो कसा आखूड पडतो, हे पाहण्यासाठी भोपाळला जावे लागते.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील 610 क्रमांकाच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट बाहेर पडू लागला, तेव्हा त्याला थोपवण्यासाठी योजलेल्या यंत्रणांपैकी एकही धड उपयोगी पडली नाही. टाकी थंड ठेवणारे यंत्र काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आले होते. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी नळापासून तोडून ठेवलेला होता. आणि पाण्याचे फवारे वायू सुटत होता त्या उंचीपर्यंत पोहोचतच नव्हते. यांपैकी काहीही त्या रात्री अकस्मात घडलेले नव्हते. डिसेंबर 1981 मध्ये याच कारखान्यात फॉस्जीनने एका कामगाराचा बळी घेतला होता, मे 1982 मध्ये अमेरिकेहून आलेल्या तपासणी पथकाने उणिवांची लांबलचक जंत्री लिहून दिली होती, आणि राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने येऊ घातलेल्या अरिष्टाचा इशारा छापून टाकला होता.

पुढे पाव शतक लोटल्यावर, 7 जून 2010 रोजी, भोपाळच्या न्यायालयाने निकाल दिला. सरकारी दप्तरातील मृतांचा आकडाच पाच हजारांवर गेला असता, भारतीय कंपनीच्या अध्यक्षांपासून उत्पादन विभागातील सहायकापर्यंत सात हयात आरोपींना सरसकट दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी प्रत्येकाला पंचवीस हजारांच्या मुचलक्यावर जामीनही मिळाला. न्यायाधीशांना दोष देण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणावर उतरवला होता आणि दंडसंहितेच्या कलम 304-अ ची कमाल मर्यादाच दोन वर्षांची होती. मला त्या शिक्षेच्या तोकडेपणापेक्षाही तिचा सारखेपणा अधिक खटकतो. रात्रपाळीत यंत्राजवळ उभा राहणारा आणि कारखान्याचा खर्च किती कापायचा हे ठरवणाऱ्या मंडळाच्या अग्रस्थानी बसणारा, या दोघांच्या अपराधाला एकच माप लावले गेले.

हे कलम दंडसंहितेत शिरले 1870 साली. भरधाव गाडी हाकणारा किंवा औषधाच्या बाटल्यांची अदलाबदल करणारा, म्हणजे क्षणभर भान सुटलेला माणूस, हाच त्याचा ठरीव आरोपी राहिला. भारतीय न्याय संहितेने 1 जुलै 2024 पासून ही मर्यादा पाच वर्षांवर नेली, हे ठीकच झाले. परंतु संचालकाची हयगय त्या क्षणिक चुकीच्या जातीची नसतेच. ती कार्यक्रमपत्रिकेवर येते, तिच्यावर चर्चा होते, ती तहकूब होते आणि पुढल्या बैठकीत कायम केली जाते.

यावर उद्योगपतींकडून एक आक्षेप येतो आणि तो टाकाऊ नाही. दूरच्या कारखान्यातील नळाची चावी कोणी फिरवली, यासाठी मुंबईत बसलेल्या माणसाला बेड्या घातल्या तर शहाणासुरता मनुष्य संचालकपद पत्करील कशाला? केवळ पदामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2015 मध्ये सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे. लोकक्षोभ शमवण्यासाठी कोणाला तरी तुरुंगात धाडणे हा न्याय नव्हे. पण म्हणूनच शिक्षेचे माप पदाच्या उंचीवर किंवा प्रेतांच्या संख्येवर न ठरवता, धोक्याचा कागद कोणाच्या मेजापर्यंत आला होता आणि तो धोका टाळण्याचा अधिकार हाती असताना त्याने काय केले, यावर ठरवावे. ज्याने विरोध नोंदवला त्याला सोडावे. ज्याला कळलेच नाही त्याला, कळून घेण्याची तजवीज त्याने केली होती काय, असे विचारावे. आणि ज्याने जाणूनबुजून खर्च वाचवला त्याला यंत्रचालकाहून अधिक, आणि दंडाने न फिटणारी शिक्षा द्यावी. आपणच राखलेले अज्ञान ही सवलतीची सबब होता कामा नये.

काही वर्षांपूर्वी एका मध्यम कारखान्याच्या संचालक मंडळाची इतिवृत्ताची वही चाळण्याचा योग मला आला होता. बाष्पकाच्या सुरक्षा झडपेविषयी अभियंत्याने पाठवलेला अहवाल तीन बैठकांत ‘ऐनवेळी येणारे विषय’ या सदराखाली आला होता आणि तिन्ही वेळा त्याच्यापुढे एकच वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते: ‘अहवालाची नोंद घेण्यात आली.’ खाली अध्यक्षांची सही. झडप काही बदलली नव्हती. सुदैवाने ती फुटलीही नाही, म्हणून त्या सहीचा जाब कोणी विचारला नाही. आपल्याकडे हे वाक्य विषय मिटवण्यासाठी लिहिले जाते. ज्या दिवशी फौजदारी न्यायालय त्याच वाक्याला, खालच्या सहीसकट, आरोपीच्या जाणिवेचा पुरावा मानील, त्या दिवसापासून ते लिहिताना अध्यक्षांचा हात थोडा थांबेल आणि झडपेची चौकशी होईल.