झिजायचे कोणी?

आमच्या माडीवर सागवानी फळ्यांची जमीन आहे. तिच्यावरून रोज सात माणसांची चौदा पावले जातात. त्यांतली दोन चिरंजीवांची चार पावले चाळिसांच्या हिशेबात धरावीत. तरी बिचारीने कधी कुरकुर केली नाही. म्हणजे केली, पण ती फक्त रात्री, पाणी प्यायला उठलो की!

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर तिला चकाचक करायची लहर मला आली. ''अहो, हे काम दिवाळी झाल्यावर काढा,'' असे सौभाग्यवती म्हणाल्या. ऐकले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पॉलिशवाला आला, चार दिवसांत चपडी लाखेचे हात मारून गेला. वर मी हौसेने मेण घासून घेतले. वसुबारसेला जमिनीत तोंड दिसत होते.

पाडव्यापर्यंत त्या आरशाला दृष्ट लागली. चहाचे गरम पातेले टेकले तिथे पांढरे कडे उठले. ओला तांब्या ठेवला तिथे दुसरे. रांगोळी पायाबरोबर आत आली आणि तिने चरे काढले. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची भुकटीच की! आणि भाऊबीजेला आईचा पाय घसरला. चौकट हाताशी होती म्हणून निभावले. पण त्या दिवसापासून आई स्वतःच्या घरात भिंतीला धरून चालू लागली. पैसे गेले त्याचे एवढे वाटले नाही, आईच्या त्या चालण्याचे वाटले.

दोष पॉलिशवाल्याचा नव्हे. चपडी कपाटाला शोभते. ती स्पिरिटमध्ये विरघळते, उष्णतेने मऊ पडते, पाण्याने पांढरी होते. मेण घसरते हे तर लहान मुलालाही ठाऊक. चूक माझी. मी विचारले होते, ''चमकेल का?'' विचारायला हवे होते ते एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींनी मला विचारले. फळीवर अंगठा फिरवून ते म्हणाले, ''साहेब, जमीन म्हटली की झीज आलीच. झिजायचे कोणी, लेपाने की फळीने, तेवढे ठरवा.''

सगळी मेख इथेच आहे. जमीन घासून काढली की दरवेळी थोडे लाकूड जाते. लेप पुन्हा देता येतो. फळी पुन्हा जाड होत नाही. तेव्हा लेप असा निवडावा, की तो आधी झिजेल आणि झिजला तर आपल्याला भरून काढता येईल.

मग उमेदवार पाहिले. जवसाचे तेल स्वस्त आणि रंगाने सुरेख; पण ते सावकाश वाळते, मऊ राहते, धूळ धरते. शिवाय त्याची चिंधी बोळा करून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती बाहेर मोकळी पसरून वाळवावी, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावी. दुसरे हार्डवॅक्स तेल. ते लाकडात मुरते. जिथे झिजेल तेवढ्याच जागी पुन्हा चोळता येते. मात्र सांडलेले वेळीच पुसावे लागते आणि अधूनमधून नवा हात द्यावा लागतो. तिसरे पॉलियुरेथेन, ज्याला दुकानात पीयू म्हणतात. फळीवर याचा कठीण पापुद्रा बसतो. वर्दळीला, पाण्याला, चहाला हेच सर्वांत टिकते. तेलातले पीयू पिवळसर झाक देते आणि सावकाश वाळते. पाण्यातले स्वच्छ राहते, त्याला वास कमी आणि ते काही तासांत वाळते. पण खोल चरा पडला, तर एवढ्याशा जागेचे ठिगळ दिसून येते.

आम्ही दोन निवाडे केले. जिना चढून येतो ती ओसरी आणि मुलांची खोली यांना बिनचमकीचे पीयू. चमकत्या लेपावर प्रत्येक चरा ओरडून सांगतो, बिनचमकीवर तो गप्प बसतो. आईच्या खोलीला हार्डवॅक्स तेल. तिथे वर्दळ कमी, आणि दुरुस्ती मला स्वतःला करता येते.

काम मात्र या वेळी दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढले. मेणावर पीयू धरत नाही, म्हणून आधी जुने सगळे घासून काढले. जाड पॉलिशपेपरपासून बारीककडे, फळीच्या रेषेने. सागात स्वतःचे तेल असते, म्हणून लेपाच्या आधी फडके थिनरमध्ये भिजवून पुसून घेतले. त्या वेळी खिडक्या उघड्या आणि देवघरातली समईसुद्धा विझवलेली. मग तीन पातळ हात, मध्ये बारीक पेपरचा हलका घास. सतरंजी आणखी दोन आठवडे गुंडाळूनच ठेवली. त्या दिवसांत चिरंजीव आजोळी होते, हे वेगळे सांगायला नको.

आता नेमाची गोष्ट एवढीच. दारात जाड पायपुसणे, झाडणे रोज, फडके घट्ट पिळून, आणि पणतीखाली ताटली. वर्षातून एकदा वर्दळीच्या जागी पाण्याचा थेंब टाकून बघतो. तो मोत्यासारखा वर राहिला तर लेप शाबूत आहे. मुरून डाग गडद झाला तर तिथला लेप गेला. शहाणपण त्याआधीच जागे व्हावे. पीयूचा पापुद्रा पातळ दिसू लागला, की वरवर घासून एक हात द्यावा. फळीला धक्का लागत नाही. लाकूड करडे पडेपर्यंत थांबलो, तर पुन्हा सगळे मुळापासून, आणि फळी आणखी पातळ.

जमिनीत आता तोंड दिसत नाही. पाहुणे वाखाणत नाहीत. रात्रीची कुरकुर आहे तशीच आहे. परवा आई फराळाचे ताट घेऊन माडीवर आली, ती मात्र भिंत सोडून, अगदी मधोमध चालत.